झिजलेले टू-स्ट्रोक एटीव्ही इंजिन: आधी दुखणे ओळखा, मग खोला

किक मारताना पायाला पूर्वीसारखा अडसर लागत नाही. थंड इंजिन सुरू व्हायला दहा-पंधरा किका घेते, चढावर दम सोडते आणि डब्यात खिळे हलवल्यासारखी खळखळ सिलिंडरमधून ऐकू येते. तुमच्या टू-स्ट्रोक एटीव्हीचे (खडकाळ वाटेवर चालणाऱ्या चारचाकी दुचाकीसारख्या गाडीचे) असे झाले असेल तर इंजिन उघडायची वेळ आली आहे. पण आज लगेच नाही. आधी दोन-तीन तपासण्या करायच्या आहेत, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

मी पहिल्यांदा यामाहा ब्लास्टरचे इंजिन खोलले तेव्हा पिस्टनवर ओरखडे दिसले. सिलिंडर बोअर करून (आतून कापून किंचित मोठा) घेतला, नवा पिस्टन टाकला आणि गाडी बाहेर काढली. तीन तास ती सुंदर चालली आणि मग भर वेगात जाम झाली. नवा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने सोलून निघाला होता. जुना पिस्टन कशामुळे गेला हे मी शोधलेच नव्हते. मॅग्नेटच्या (फ्लायव्हीलच्या) बाजूचे क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीचे रबरी कडे, कडक होऊन हवा ओढत होते आणि त्या हवेने दोन्ही पिस्टन खाल्ले. म्हणून नव्या माणसाला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: झिजलेला भाग बदलणे हे अर्धे काम आहे, तो का झिजला हे सापडल्याशिवाय इंजिन बंद करू नका.

या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. ब्लास्टर १९८८ ते २००६ या काळात बनली, दोन सिलिंडरची बॅन्शी अमेरिकेत १९८७ ते २००६ विकली गेली, होंडाची टीआरएक्स २५०आर १९८६ ते १९८९ आणि सुझुकीची एलटी २५०आर १९८५ ते १९९२ या काळातली. म्हणजे तुमच्या हातातले इंजिन याआधी किमान एकदा कुणीतरी उघडलेले असणार. आतले माप कंपनीचेच आहे असे गृहीत धरू नका.

आधी जमवायच्या वस्तू

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचे तुमच्या नेमक्या मॉडेलचे आणि वर्षाचे सर्व्हिस मॅन्युअल. मी खाली जे आकडे देतो ते अंदाज येण्यासाठी आहेत. अंतिम शब्द मॅन्युअलचा. त्यासोबत एक वही ठेवा आणि प्रत्येक माप तारीख घालून लिहा.

हत्यारांत हे लागेल:

- कॉम्प्रेशन गेज, प्लगच्या आट्यांत बसणारे
- हवागळती तपासायचा संच: ० ते १५ पीएसआयचे (पीएसआय हे दाबाचे एकक) लहान गेज, हातपंप, रबरी बुचे
- फीलर गेज, मायक्रोमीटर आणि बोअर गेज
- टॉर्क पाना
- मॅग्नेट काढायचा पुलर, तुमच्या मॉडेलच्या आट्यांचा
- क्लच हब धरायचे हत्यार
- केस उघडायचा स्प्लिटर, क्रँकपर्यंत जायचे असेल तरच
- नाकाडी पक्कड, पॅकिंग खरवडायला प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी, साबणपाण्याची फवारणीची बाटली
- झिप लॉकच्या पिशव्या आणि मार्कर पेन

बोअर गेज आणि मायक्रोमीटर नसतील तर मोजणी मशीन शॉपमध्ये करून घ्या. व्हर्निअर कॅलिपरने सिलिंडर मोजून निर्णय घेऊ नका. इथे प्रश्न मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो आणि कॅलिपर तिथे भरवशाचा नाही.

पेट्रोल आणि क्लीनरची वाफ पेट घेते. दार उघडे ठेवा, जवळ ज्योत किंवा हीटर नको. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घाला. सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची कडी) उडून डोळ्यात जाते हे ऐकलेले नाही, पाहिलेले सांगतो आहे.

१. पेट्रोल आणि ठिणगी आधी वगळा

कितीतरी चांगली इंजिने तुंबलेल्या पायलट जेटमुळे (कार्बोरेटरमधल्या मंद गतीच्या पेट्रोलच्या बारीक भोकामुळे) उघडली गेली आहेत. प्लग काढा, हेडला टेकवा, किक मारा: निळसर, टणक ठिणगी दिसली पाहिजे. हे करताना प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलची वाफ बाहेर येते, तेव्हा प्लग त्यापासून लांब धरा. मग कार्बोरेटरची वाटी उघडून पाहा. जुने पेट्रोल सुकून डिंकासारखे चिकटले असेल तर जेट काढून स्वच्छ करा. एअर फिल्टरही आत्ताच पाहा. स्पंज फाटला असेल, कोरडा असेल किंवा फिल्टरच्या आतल्या बाजूच्या नळीत बारीक धूळ दिसत असेल तर वहीत ठळक लिहा, कारण पुढे पिस्टनवर त्याचा पुरावा सापडेल.

२. कॉम्प्रेशन मोजा

इंजिन थोडे गरम करा (सुरू होत असेल तर), प्लग काढा, प्लगची टोपी व्यवस्थित अर्थ करा म्हणजे सीडीआयला (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) इजा होणार नाही. गेज लावा. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि तसाच धरून ठेवा. नवखे लोक हेच विसरतात. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि चांगले इंजिनही मेलेले वाटते. सुई वर चढायची थांबेपर्यंत जोमाने किक मारा, साधारण सहा ते दहा.

सर्वसाधारण एटीव्हीत १२० ते १५० पीएसआयच्या आसपास आकडा आला तर वरचा भाग ठीक म्हणता येतो. १०० च्या खाली गेला की रिंगा आणि सिलिंडर थकले. ९० च्या आसपास थंड सुरू होणे अवघड होते. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त फरक नको.

आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला, दोन किका मारून पसरवा आणि पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला तर गळती रिंगांजवळून आहे. वाढला नाही तर हेडचे पॅकिंग किंवा पिस्टनच्या डोक्यातले भोक यांचा संशय घ्या.

दोन सापळे इथे आहेत. स्वस्त गेजमध्ये एकदिशा झडप गेजच्या टोकाला असते, त्यामुळे नळीतली जागाही सिलिंडरच्या जागेत मिसळते आणि आकडा खोटा कमी येतो. झडप प्लगच्या बाजूला असलेले गेज घ्या आणि नेहमी तेच वापरा. दुसरे, चांगला आकडा म्हणजे निरोगी इंजिन नव्हे. पिस्टनच्या स्कर्टला (खालच्या घेराला) तडा गेलेला असताना मी १३५ पाहिले आहेत. उंच डोंगराळ भागात हवा विरळ असते, तिथे तेच इंजिन कमी आकडा दाखवते.

३. हवा गळते का ते पाहा

ही तपासणी सगळ्यांत कमी लोक करतात आणि सगळ्यांत जास्त पिस्टन हीच वाचवते. थोडे समजून घ्या. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सील गेले तर जमिनीवर ऑइल गळते, एवढेच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा स्वतःच एक पंप आहे. पेट्रोल-हवेचे मिश्रण रीड झडपेतून (एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पाकळ्यांतून) आधी क्रँककेसमध्ये येते, पिस्टन खाली येताना तिथे दाबले जाते आणि ट्रान्सफर पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटेतून) वर जाते. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये निर्वात तयार होतो. त्या वेळी सील फाटले असेल तर तिथून कोरडी हवा शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता आणि कमी ऑइल. त्याच दोन गोष्टी पिस्टनला मारतात.

सीलचे दोन आजार वेगळे दिसतात. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले की बाहेरची हवा आत येते: इंजिन बंद ॲक्सिलरेटरवरही उंच फिरत राहते, आरपीएम खाली यायला वेळ लागतो, प्लग पांढुरका दिसतो. क्लचच्या बाजूचे सील गेले की गिअर ऑइल आत ओढले जाते: दाट पांढरा धूर, ओला काळा प्लग आणि गिअर ऑइलची पातळी कारणाशिवाय कमी होत जाणे. बाहेर कुठे थेंब नाही आणि तरी ऑइल कमी होत असेल तर ते जळतेच आहे.

आता कृती. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढा. एक्झॉस्ट पोर्टमध्ये घट्ट होणारे रबरी बूच बसवा, किंवा रबराचा तुकडा घालून पट्टी आवळा. कार्बोरेटरच्या रबरी नळीत दुसरे बूच घाला, त्यातूनच हवेची नळी आत न्या. बॅन्शीला दोन्ही इनटेक जोडणारी नळी असते, तीही बंद करा. बूच रबरी नळीतच लावायचे कारण असे की ती नळी आणि रीडचे पॅकिंगही तपासले जाते, आणि जुन्या गाडीत त्या नळीला भेगा पडणे नेहमीचे आहे. मॅग्नेटचे झाकण उघडा. प्लग बसवा. पिस्टन खालच्या टोकाला आणा.

हातपंपाने ६ पीएसआयपर्यंत हवा भरा. कॉम्प्रेसर लावू नका. ८-१० च्या वर गेले तर चांगले सीलसुद्धा जागेवरून सरकू शकते. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि गेज हाताशी असेल तर तेही चालते: ३०० मिलिमीटर पारा म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय. पंप बंद करा आणि घड्याळ लावा. सहा मिनिटे दाब टिकला तर उत्तम. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त पडला तर गळती आहे.

मग साबणपाणी फवारा: हेडचा सांधा, सिलिंडरच्या पायथ्याचे पॅकिंग, रीडचा सांधा, रबरी नळी, केसचा मधला सांधा, मॅग्नेटच्या मागचे सील. जिथे बुडबुडे, तिथे दुखणे. क्लचच्या बाजूचे सील दिसत नाही, म्हणून गिअर ऑइलचे झाकण उघडून त्या तोंडावर साबणाचा पडदा धरा. तो फुगत गेला तर हवा क्रँककेसमधून गिअरबॉक्समध्ये जाते आहे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरचे झाकण काढून पाण्यात बुडबुडे येतात का तेही पाहा. हेडचे पॅकिंग किंवा ओ-रिंग गेली असेल तर इथे कळते. आधी स्वतःची बुचे नीट तपासा, पहिल्या खेपेला गळती बहुधा तिथेच निघते.

सापडलेली प्रत्येक गळती वहीत लिहा. उघडल्यावर हा पुरावा उरत नाही.

४. धुणे आणि उघडणे

इंजिनवरचा चिखल आधी धुवा. सिलिंडर उचलताना पडलेला वाळूचा एक कण क्रँकच्या बेअरिंगमध्ये गेला तर सगळी मेहनत वाया. कूलंट आणि गिअर ऑइल काढा, गिअर ऑइल स्वच्छ भांड्यात. त्यात चकाकणारे धातूचे कण आहेत का, पेट्रोलचा वास आहे का ते बघा. प्रत्येक वायर आणि नळी सुटण्याआधी फोटो काढा.

हेडचे नट थोडे थोडे, तिरके-समोरासमोर सैल करा. एकाच बाजूने पूर्ण सोडले तर हेड वाकते. सिलिंडर अडला तर पॅकिंगच्या फटीत पेचकस घुसवू नका, रबरी हातोडीने पोर्टच्या मजबूत भागांवर हलके ठोका आणि सरळ वर उचला. पिस्टन सिलिंडरमधून सुटायच्या आत क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके भरा. मग सर्क्लिप काढा, गजन पिन (पिस्टनला कॉनरॉडशी, म्हणजे क्रँकला जोडणाऱ्या दांड्याशी, जोडणारी पिन) ढकला. पिन अडकली तर पिस्टनला हातोडीने ठोकू नका, कॉनरॉड वाकतो. पिस्टन गरम हवेने तापवला की पिन निघते.

५. पिस्टन वाचा

पिस्टन धुऊ नका. आधी उजेडात नेऊन चारही बाजूंनी पाहा, फोटो काढा. तो का गेला हे त्याच्यावरच लिहिलेले असते.

एक्झॉस्टच्या बाजूला एकाच ठिकाणी उभे ओरखडे, धातू वितळून पसरलेला: पातळ मिश्रण किंवा जास्त उष्णता. हवागळती, लहान मुख्य जेट, तुंबलेली पेट्रोलची वाट हे संशयित. माझे दोन्ही पिस्टन असेच होते.

चारही कोपऱ्यांवर सारखे ओरखडे: इंजिन थंड असतानाच जोरात पळवले. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो लवकर फुगतो, सिलिंडर उशिरा. काही वेळा नव्या कामात पिस्टन आणि सिलिंडर यांत अंतर कमी ठेवल्यानेही असेच होते.

इनटेकच्या बाजूच्या स्कर्टवर बारीक, उभ्या रेघा आणि करडी, निस्तेज झीज: फिल्टरमधून धूळ गेली. अशा वेळी क्रँकची बेअरिंगही संशयास्पद धरा, कारण धूळ वर जाण्याआधी तिथूनच गेलेली असते.

इनटेकच्या बाजूला घासून चकाकणारे मोठे पट्टे: ऑइल कमी पडले. ऑइल पंप असलेल्या गाडीत पंप, नळी आणि नळीतली हवा तपासा.

डोक्याच्या कडेला वाळूने मारल्यासारखे बारीक खड्डे, कडा खाल्लेली: डेटोनेशन, म्हणजे मिश्रण शिस्तीत जळण्याऐवजी स्फोटासारखे पेटणे. कमी ऑक्टेनचे पेट्रोल, फार आगाऊ इग्निशन किंवा फार जास्त कॉम्प्रेशन ही कारणे.

रिंगांच्या खाली काळपट डाग उतरलेले: जळका वायू रिंगा ओलांडून जात होता. रिंगा किंवा सिलिंडर झिजले. काही वाईट घडले नाही, फक्त वय झाले. हे सर्वांत सुखाचे निदान.

डोक्यावरची काजळी थोडी पुसून पाहा. तिथे '५०' असे काही कोरलेले असेल तर तो ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन आहे, म्हणजे सिलिंडर याआधीच बोअर झालेला आहे. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे आहे का तेही याच वेळी बघा. उलटा बसवलेला पिस्टन मी एकदा पाहिला आहे, त्याच्या रिंगेचे टोक पोर्टमध्ये अडकून तुटले होते.

६. सिलिंडर मोजा

सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, पोर्टच्या भोकांपासून दूर मोजा. वरखालच्या मापातला फरक म्हणजे उतार. तो बहुतेक इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या वर गेला की सिलिंडरचे काम करावेच लागते. पिस्टन स्कर्टच्या तळापासून साधारण १० मिलिमीटर वर, गजन पिनच्या काटकोनात मोजा. पिस्टनला जाणूनबुजून किंचित लंबगोल घडवलेले असते, त्यामुळे दुसरीकडे मोजले तर आकडा चुकेल. सिलिंडरमधून पिस्टन वजा केला की मधले अंतर मिळते. ओतीव पिस्टनला साधारण ०.०५ ते ०.०६ आणि फोर्ज्ड पिस्टनला ०.०७५ ते ०.१० मिलिमीटर चालते, पण पिस्टनच्या पाकिटावर दिलेला आकडा पाळा.

नवी रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने वरून सरळ ढकला आणि टोकांतली फट फीलर गेजने मोजा. ढोबळ हिशेब असा की बोअरच्या दर २५ मिलिमीटरला ०.१ मिलिमीटर. ब्लास्टरच्या ६६ मिलिमीटर बोअरला किमान ०.२६ च्या आसपास. फट याहून कमी असेल तर रिंग तापल्यावर टोके एकमेकांवर आदळतात.

बोअर करण्याआधी अस्तर कशाचे आहे ते जाणून घ्या. ब्लास्टर आणि बॅन्शीच्या सिलिंडरला लोखंडी अस्तर असते, चुंबक घट्ट चिकटतो, आणि ते ०.२५ च्या पायऱ्यांनी मोठे करता येते. निकासिलचा (निकेलयुक्त कठीण मुलाम्याचा) थर दिलेला सिलिंडर मात्र बोअर करत नाहीत. तो पुन्हा प्लेटिंगसाठी पाठवावा लागतो.

७. केस उघडायची की नाही

हा निर्णय घाईत घेऊ नका. कॉनरॉड वरच्या टोकाला आणा, दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढा. अजिबात हालचाल नको. इवलीशी टक जरी जाणवली तरी मोठ्या टोकाचे बेअरिंग गेले. बाजूला सरकणे वेगळे, ते थोडे असतेच आणि मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा दिलेली असते. नवखे या दोन हालचालींत गोंधळतात. बेअरिंगमध्ये ऑइल भरलेले असेल तर टक लपते, म्हणून क्रँक थोडा थोडा फिरवत अनेक जागी तपासा. मग मॅग्नेट धरून क्रँक वर-खाली हलवा. तिथे प्ले (ढिलेपणा) असेल तर मुख्य बेअरिंग गेली.

माझे मत असे: वय माहीत नसलेल्या इंजिनाचे फक्त सील गेले असेल आणि क्रँक टणक असेल तर बऱ्याच इंजिनांत सील बाहेरून बदलता येते, केस उघडायची गरज नाही. पण धूळ गेल्याचा किंवा पिस्टनचे तुकडे खाली पडल्याचा पुरावा असेल तर क्रँक कितीही बरा वाटला तरी उघडा. तुकडे धुऊन निघतात असे वाटते, पण ते निघत नाहीत.

८. क्रँक बाहेर काढणे

मॅग्नेट पुलरनेच काढा. मागून हातोडी मारली तर क्रँक वाकतो किंवा मॅग्नेट तडकतो. क्लच, प्राथमिक गिअर आणि गिअर बदलायची यंत्रणा मॅन्युअलच्या क्रमाने काढा, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. सगळे केस बोल्ट निघाल्याची दोनदा खात्री करा, एखादा लपलेला बोल्ट राहिला तर केसचा कान तुटतो. स्प्लिटरने दोन्ही बाजू समान उघडत न्या.

क्रँक हा दाबून जोडलेला असतो. त्यात नवा कॉनरॉड बसवायला प्रेस लागतो आणि नंतर तो व्ही-ब्लॉकवर डायल गेजने सरळ करावा लागतो. हे काम अनुभवी मशीन शॉपकडेच द्या, आणि परत घेताना रनआउटचा (फिरताना दांडा किती डोलतो त्याचा) आकडा लिहून मागा. ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा, पुष्कळ मॅन्युअलांत ०.०३ असतो.

नवी बेअरिंग बसवताना केस ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांपर्यंत तापवा आणि बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवा. मग ती जवळपास हाताने बसते. ठोकावे लागलेच तर बाहेरच्या कड्यावरच. सीलच्या ओठांना ग्रीस लावा. केसच्या सांध्याला न घट्ट होणाऱ्या लिक्विड गॅस्केटचा अगदी पातळ थर पुरे. जाड थर आत ओघळून ऑइलची भोके बुजवतो. क्रँक बसवून फिरवून पाहा. जड फिरत असेल तर तांब्याच्या हातोडीने शाफ्टच्या टोकाला एक हलका ठोका द्या, बेअरिंगवरचा आडवा ताण सुटतो.

९. मशीन शॉपला काय सांगायचे

नवा पिस्टन सोबत द्या. सिलिंडर त्या पिस्टनच्या मापाला बोअर व्हायला हवा, पाकिटावरच्या नावाच्या मापाला नाही. हवे असलेले अंतर कागदावर लिहून द्या. आणि एक वाक्य ठळक लिहा: 'सर्व पोर्टच्या कडा मोडून द्या.' बोअर केल्यावर पोर्टच्या कडा चाकूसारख्या होतात आणि रिंग तिथे अडकते. मोटारगाडीच्या सिलिंडरला असे पोर्ट नसतात, त्यामुळे तशी कामे करणाऱ्या दुकानात ही गोष्ट सहज राहून जाते.

सिलिंडर घरी आला की गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासून धुवा. पेट्रोलने नाही, पेट्रोल होनिंगची (सिलिंडरच्या शेवटच्या घासणीची) भुकटी रेघांतून बाहेर काढत नाही. कोरडा करून पांढऱ्या फडक्याला टू-स्ट्रोक ऑइल लावून पुसा. फडके करडे आले तर पुन्हा धुवा. मला चार वेळा धुवावा लागला आहे.

१०. वरचा भाग बांधणे

लहान टोकाचे बेअरिंग, गजन पिन, सर्क्लिप आणि पॅकिंग नवे वापरा. जुने सर्क्लिप कधीच परत नको. बाण एक्झॉस्टकडे. सर्क्लिपची फट वर किंवा खाली यावी, खाचेसमोर नाही. बसल्यावर ते खोबणीत फिरवून खात्री करा. रिंगेवरची खूण वर, आणि रिंगेची टोके खोबणीतल्या बारीक पिनेवर.

पिस्टन, पिन आणि सिलिंडरला ऑइल लावा. रिंगा बोटांनी दाबून सिलिंडर सरळ खाली आणा. फिरवू नका, फिरवला की रिंगेचे टोक पोर्टमध्ये शिरते. अडला तर जोर न देता वर घेऊन पुन्हा सुरुवात करा.

हेडचा सपाटपणा काचेवर पसरलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर फिरवून पाहा: सगळीकडे सारखी चकाकी आली पाहिजे. नट दोन-तीन टप्प्यांत, तिरके, मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरा. टोकाला कपची उडालेली असेल किंवा फटीतून उजेड दिसत असेल तर बदला, कारण तुटलेली पाकळी थेट इंजिनात जाते.

११. सुरू करण्याआधी पुन्हा हवा भरा

तिसऱ्या पायरीची तपासणी पूर्ण पुन्हा करा. सहा मिनिटे दाब टिकला नाही तर पेट्रोल घालूच नका. पॅकिंगचा कोपरा दुमडलेला असतो, सील तिरपे बसलेले असते. ते आत्ता सापडले तर एका संध्याकाळचे काम, नंतर सापडले तर नवा पिस्टन.

१२. पेट्रोल, ऑइल, जेट

मिश्रणाचे प्रमाण मॅन्युअल आणि ऑइलच्या डब्याप्रमाणे. ३२:१ म्हणजे ५ लिटर पेट्रोलला सुमारे १५६ मिलिलिटर ऑइल, ४०:१ म्हणजे १२५ आणि ५०:१ म्हणजे १०० मिलिलिटर. मापाने मोजा, नजरेने नाही. 'नवे इंजिन आहे, थोडे जास्तच घालू' असे करताना लक्षात ठेवा की ऑइल वाढले की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते, म्हणजे मिश्रण उलट पातळ होते.

ऑइल पंप असेल तर नळीतली हवा काढा आणि पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही ऑइल मिसळा. पंप काम करतो हे ऑइल टाकीची पातळी उतरताना पाहिल्यावरच साधे पेट्रोल भरा. सायलेन्सर किंवा फिल्टरबॉक्स आधीच्या मालकाने बदललेला असेल तर जेटिंग नव्याने तपासावे लागते.

१३. पहिले तास

सुरू करा, एका जागी रेस न देता हलक्या, बदलत्या ॲक्सिलरेटरवर सिलिंडर चांगला गरम होईपर्यंत चालवा, बंद करा. हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबा. असे तीनदा. मग गार इंजिनावर हेडचे नट मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तसे पुन्हा तपासा, कूलंटची पातळी पाहा.

पहिली टाकी सपाट जागेवर, अर्ध्यापर्यंतच्या ॲक्सिलरेटरवर संपवा. एकाच वेगावर लांबवर नेऊ नका, वर-खाली करत राहा, आणि लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरवर उतरू नका, कारण तेव्हा आरपीएम जास्त आणि ऑइल कमी असते. आवाज अचानक टणक झाला किंवा ताकद गळली तर त्याच क्षणी क्लच दाबा आणि बंद करा.

टाकी संपल्यावर प्लग काढा. चॉकलेटी असेल तर बरे, पांढरा असेल तर पुढे चालवू नका, पुन्हा गळती आणि जेट तपासा. दहाएक तासांनी त्याच गेजने कॉम्प्रेशन घ्या आणि आकडा वहीत पहिल्या आकड्याखाली लिहा. रिंगा बसल्यावर तो पहिल्या दिवसापेक्षा थोडा वर गेलेला दिसतो.